तंजावरची अश्वविद्या आणि घोड्याकडून शिकणे : एका वंशावळीची तपासणी

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक अभ्यासक केव्हा ना केव्हा बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या साक्षीकडे वळतो. हेबर १८२६ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस तंजावरला आले, राजांना भेटले आणि त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्लीला त्यांचे निधन झाले. राजांविषयी त्यांनी जे लिहून ठेवले आहे त्याचा पूर्वार्ध सर्वांच्या परिचयाचा आहे : लाव्हाझिए, फुर्क्रुआ, लिनिअस आणि ब्युफाँ यांचे दाखले हा राजा सहज देतो, शेक्सपियरच्या काव्यगुणांविषयी त्याचे मत स्वतंत्र आणि नेमके आहे, असा त्याचा आशय. परंतु हेबर तेथे थांबत नाहीत. आसपासच्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये राजांना जो मान आहे तो घोड्याचे खरे पारखी म्हणून आणि वाघाच्या शिकारीतील अचूक, निर्भय नेमबाज म्हणून आहे, हेही ते त्याच ओघात नोंदवतात. आपल्या विद्वत्परंपरेने पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध बहुधा सोडून दिला. ग्रंथसंग्राहक राजा आपल्याला हवा असतो. घोड्याच्या खुराकडे वाकून पाहणारा राजा आपल्या व्याख्यानात बसत नाही. प्रस्तुत निबंध त्या सोडून दिलेल्या अर्ध्या वाक्याविषयी आहे.

त्याला निमित्त मात्र वाङ्मयबाह्य घडले. माझी एक भाची व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण घेते. तिच्या अभ्यासक्रमातील एका प्रकल्पाचा विषय होता अश्वसाहाय्यित अध्ययन. विद्यार्थ्यांनी घोड्याच्या सान्निध्यात काही क्रिया करावयाच्या, त्यातून स्वतःच्या देहबोलीचे, निरीक्षणशक्तीचे आणि रुग्णाशी होणाऱ्या शब्देतर संवादाचे भान मिळवावयाचे, अशी ही पद्धत आहे. कुठल्याशा चर्चासत्राच्या पत्रकात तिला एक विधान आढळले होते : अश्वोपचाराचा उगम प्राचीन भारतात असून तंजावरच्या मराठा दरबारात घोड्यांच्या साहाय्याने रुग्णांवर उपचार होत असत. "मावशी, तू तंजावरला जाऊन आलीस ना, मग याला एखादा आधार दे," एवढेच तिचे मागणे होते. आधार देणे मला शक्य झाले नाही. तथापि नकार देताना तो का द्यावा लागतो हे स्वतःशी स्पष्ट करून घेणे आवश्यक वाटले, आणि त्या प्रयत्नात प्रश्न मूळ मागणीपेक्षा बराच मोठा निघाला.

प्रथम जे आहे ते पाहू. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावर असलेले 'अश्वशास्त्र' एस्. गोपालन यांच्या संपादनाखाली १९५२ साली रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले. हत्तींविषयीचे पालकाप्यकृत 'गजशास्त्र'ही त्याच ग्रंथालयाने पुढे प्रकाशित केले. अश्वशास्त्राची ही परंपरा शालिहोत्र ऋषींपासून सुरू होते असे ती स्वतः सांगते. तिची मूळकथा मोठी विलक्षण आहे. पूर्वी घोड्यांना पंख होते आणि ते आकाशात स्वैर संचार करीत. इंद्राला ते वाहन म्हणून हवे होते. त्याच्या सांगण्यावरून शालिहोत्रांनी त्यांचे पंख छेदले. जखमी, भूमीला खिळलेले घोडे त्यांच्यापाशी आले आणि म्हणाले की आमची ही दशा तुम्ही केलीत, आता आमच्या आरोग्याची चिंताही तुम्हीच वाहा. अश्ववैद्यक या मागणीतून जन्मले. ज्या हाताने छेद केला त्याच हाताने औषध द्यावयाचे, अशी कबुली स्वतःच्या प्रारंभीच देणारे शास्त्र मला दुसरे माहीत नाही. पालकाप्याच्या कथेतही रानातून पकडून आणलेल्या हत्तींच्या दुःखापासूनच विद्येचा आरंभ होतो. दोन्हीकडे ज्ञानाच्या मुळाशी माणसाने जनावराचे केलेले काही नुकसान आहे.

या ग्रंथांत घोड्याचे वर्ण, गंध, स्वर, गती, सत्त्व आणि आवर्त, म्हणजे अंगावरील केसांचे भोवरे, यांचा बारकाईने विचार केलेला असतो. दातांवरून वय कसे ओळखावे, कोणत्या ऋतूत काय खाऊ घालावे, कोणत्या व्याधीवर कोणता काढा द्यावा, हे सारे येते. यातील शुभाशुभाचा भाग आज आपल्याला भाबडा वाटतो. परंतु देवमण, आसूढाळ, पंचकल्याणी हे शब्द मराठीत अजून टिकले आहेत. आणि एका भोवऱ्यासाठी चांगला घोडा नाकारणारी माणसे घोड्याच्या अंगावरचा प्रत्येक केस पाहत होती, हेही विसरता येत नाही. कारण चुकीचे असेल, पाहणे खरे होते.

आता नेमक्या मुद्द्याकडे येतो. या सबंध वाङ्मयात रुग्ण आहे तो घोडा. माणूस हा त्याचा वैद्य, स्वामी किंवा शिक्षक. माणूस रुग्ण आणि घोडा उपचाराचा सहकारी, ही मांडणी तेथे नाही. राजांच्या काळातील मानवी वैद्यकाचे पुरावे तंजावरात विपुल आहेत. धन्वंतरी महाल होता. तेथील अनुभवसिद्ध औषधयोग 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या तमिळ पद्यग्रंथांत संकलित झाले. नेत्ररुग्णांच्या नोंदी तर इतक्या तपशीलवार आहेत की आधुनिक नेत्रवैद्यांनीही त्यांचा अभ्यास केला आहे. सावित्री प्रीता नायर यांच्या २०१२ मधील सरफोजींवरील ग्रंथात या वैज्ञानिक उद्योगाचे सविस्तर चित्र मिळते. धन्वंतरी महाल एका बाजूला आणि पागा दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही संस्था एकाच राजाच्या आस्थेचा विषय होत्या. त्या दोहोंमध्ये दार होते असे मानावयास मात्र आधार नाही. पत्रकाच्या लेखकाने ते दार कल्पनेने उघडले.

अशा कल्पनेचा मोह सहानुभूतीने समजून घेतला पाहिजे, कारण तुलनाकार म्हणून तो आपल्यालाही होतो. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की एकीतून दुसरी निघाली असे म्हणावेसे वाटते. आपल्या शास्त्राच्या पहिल्या पिढीने प्रभावाच्या शोधात बरीच वर्षे खर्च केली आणि दुसऱ्या पिढीने त्या शोधाविषयी साशंकता बाळगण्यात. मला येथे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. तंजावर आणि आजचा अश्वोपचार यांच्यात वंशसंबंध नाही, हे खरे. पण साम्य आहे, आणि ते वरवरचे नाही. ते कोठे आहे हे पाहण्यासाठी दोन सालांकडे जावे लागते : १७९९ आणि १९५२.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. किल्ला, त्याचा परिसर आणि वार्षिक नेमणूक एवढे त्यांच्याकडे राहिले. व्यंकोजीराजांच्या घोडदळाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या प्रदेशात भोसल्यांची सत्ता आणली, तेथेच सव्वाशे वर्षांनी घोड्याचे युद्धातील काम संपले. आणि नेमक्या याच काळात, घोडा सत्तेचे साधन उरला नाही तेव्हा, तो अभ्यासाचा, पारखीचा आणि चित्राचा विषय म्हणून दरबारात भरभराटीस आला. हातून लगाम सुटल्यावर घोड्याकडे पाहण्यास उसंत मिळाली असे म्हणावे काय? हे विधान थोडे सैल आहे याची मला जाणीव आहे, कारण पारख ही लढाऊ काळातही लागतच होती. परंतु लढाईतील पारख विचारते की हा घोडा किती टिकेल. तंजावरातील पारखीला त्याहून निराळे प्रश्न विचारता येऊ लागले.

दुसरे साल १९५२. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांनी अश्वारोहणाच्या ड्रेसाज या प्रकारात रौप्यपदक मिळविले. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला होता आणि गुडघ्याखाली पायांत शक्ती उरली नव्हती. घोड्यावर बसण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. खोगिरावर बसल्या की मात्र त्या स्पर्धेतील कोणाहून कमी नव्हत्या. सुवर्णपदक मिळविणारे स्वीडनचे आंरी सेंट सिर यांनी त्यांना हात देऊन मंचावर चढविले, हे दृश्य पुढे फार गाजले. या घटनेची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. तोवर ऑलिंपिकमधील ड्रेसाज ही लष्करी अधिकाऱ्यांची मिरास होती. १९४८ साली स्वीडनच्या संघाचे सुवर्णपदक पुढे काढून घेण्यात आले ते एक स्वार अधिकारपदाचा नव्हता म्हणून. १९५२ साली हे दार सामान्य नागरिकांना आणि स्त्रियांना प्रथमच उघडले. यंत्रांनी घोडदळे मोडीत काढल्यावर युरोपातही घोडा लष्कराच्या हातून सुटला होता. तो सुटल्यावरच पोलिओने अधू झालेल्या एका स्त्रीला त्याच्या पाठीवर जागा मिळाली, आणि पुढच्या दशकात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे घोड्याच्या चालीचा उपचारासाठी पद्धतशीर वापर होऊ लागला. अमेरिकेत १९६९ साली उपचारात्मक अश्वारोहणाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तंजावर आणि हेलसिंकी यांच्यातील साम्य मला दिसते ते या ठिकाणी. युद्धाने मोकळा केलेला घोडा दोन्हीकडे शिकण्याचा विषय झाला. एकाने दुसऱ्याला काही दिले नाही.

(नकुलाच्या 'अश्वशास्त्रा'ची तंजावर आवृत्तीही १९५२ चीच आणि भारतातील व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटनाही त्याच वर्षी स्थापन झालेली. अशा योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह आवरलेला बरा. पत्रककाराने त्याहून फारसे वेगळे काही केले नव्हते.)

साम्य कोठे आहे हे पाहिल्यावर भेद कोठे आहे तेही पाहणे प्राप्त आहे, आणि खरे घोडे येथे पेंड खाते. अश्वविद्येचे जुने वाङ्मय बहुभाषिक आहे. चौथ्या इसवीसनपूर्व शतकात सॉक्रेटिसचा शिष्य आणि स्वतः सेनानी असलेल्या झेनोफनने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याकडून बळजबरीने करवून घेतलेली गोष्ट त्याला समजलेली नसते आणि म्हणून ती सुंदरही नसते, चाबकाच्या धाकाने नाचविलेल्या नर्तकासारखी ती असते, असा त्याचा विचार आहे. शालिहोत्राच्या संस्कृत परंपरेचे फारसीत अनुवाद झाले. शाहजहानच्या काळातील अब्दुल्लाखान फिरोजजंग याच्या फारसी अनुवादावरून जोसेफ अर्ल्स याने १७८८ साली कलकत्त्यास इंग्रजी पुस्तक काढले. ऋषीच्या नावाचा या प्रवासात अपभ्रंश होत होत हिंदुस्थानीत घोड्याच्या वैद्यालाच 'सालोत्री' म्हणू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सआदत यार खान रंगीन या उर्दू कवीने 'फरसनामा' लिहिला. रेख्तीसारख्या स्त्रीभाषेतील कवितेसाठी जो ओळखला जातो त्याने घोड्याच्या खोडी आणि औषधे यांवर पुस्तक लिहावे, यात त्या काळच्या कोणाला विसंगती वाटली नसावी. वाटते ती आपल्याला, कारण 'वाङ्मय' या शब्दाची कुंपणे आपण नंतर घातली. हेबरच्या वाक्याचा उत्तरार्ध सोडून देणारी वृत्ती आणि रंगीनच्या ग्रंथावलीतून 'फरसनामा' वगळणारी वृत्ती एकच आहे.

या सर्व ग्रंथांत, झेनोफनसह, शिकविणारा माणूस आणि शिकणारा घोडा असा क्रम ठरलेला आहे. आजच्या अश्वसाहाय्यित अध्ययनात तो उलटतो. उपचाराच्या बाजूने पाहिले तर तत्त्व साधे आहे. घोडा चालीने चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल एकाच वेळी पुढे-मागे, खाली-वर आणि दोन्ही बाजूंना होते, आणि स्वाराच्या कटिभागाला ती जो हेलकावा देते तो माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी बराच जुळता असतो. मिनिटाला साधारण शंभर पावले पडतात. प्रत्येक पावलाला बसलेल्याला आपला तोल पुन्हा सावरावा लागतो. मेंदूच्या पक्षाघाताने ज्या मुलाला नीट बसता येत नाही त्याला हा सराव खोलीतील चटईवर देणे कठीण असते. या उपचाराने बसण्याची ठेवण व तोल सुधारतो असे दर्शविणारे अभ्यास आहेत, पण बहुतेक लहान आहेत. प्रचारपत्रके ज्या खात्रीने बोलतात तेवढी खात्री त्यांत नाही.

विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मात्र बऱ्याचदा स्वार होण्याची गरजही नसते. भाचीच्या वर्गाला घोड्याजवळ जावयाचे, त्याला खरारा करावयाचा, दोरी धरून थोडे अंतर न्यावयाचे आणि नंतर बसून काय घडले ते बोलावयाचे, एवढेच काम होते. घोडा हा स्वभावतः भक्ष्य प्राणी. हजारो पिढ्या त्याचे जगणे दुसऱ्याच्या देहाचा हेतू वाचण्यावर अवलंबून राहिले. म्हणून जवळ येणाऱ्याचा अडखळता श्वास, आवळलेला खांदा, निश्चय नसलेले पाऊल त्याला तात्काळ कळते आणि त्याचे कान, मान, शेपूट ते सांगतात. तिच्या एका सहाध्यायिनीने दोरी घट्ट धरून घोड्याला ओढले, आणि तो जागचा हलला नाही. ती थांबली, वळली, पुढे पाहून चालू लागली तेव्हा तो मागून आला. रुग्णाला "घाबरू नका" असे तोंडाने सांगताना आपला देह काय सांगत असतो, हे तिला कोणत्याही व्याख्यानाने इतक्या लवकर दाखविले नसते. येथे घोडा पारखी आहे आणि पारख होते ती माणसाची.

खराऱ्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. व्यवसायोपचाराच्या शिक्षणात क्रियाविश्लेषणाला फार महत्त्व असते : एखादी साधी क्रिया तिच्या घटकांत उलगडावयाची आणि त्यांतील कोणता घटक कोणत्या रुग्णाला अवघड जाईल, कोणत्याला उपकारक ठरेल, हे ठरवावयाचे. घोड्याला खरारा करणे म्हणजे उभे राहून तोल सांभाळणे, मुठीची पकड, दाबाचे प्रमाण, खांद्याची लांबवर पोच, शरीराची मध्यरेषा ओलांडून हात नेणे, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंतचा क्रम ध्यानात ठेवणे, आणि या सर्व काळात दुसऱ्या जिवाच्या सहनशक्तीकडे लक्ष देणे. ही यादी भाचीने मला वाचून दाखविली तेव्हा मनात आले, हे सारे पागेतल्या मोतद्दाराला येत होते. त्याला लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ते लिहिण्याजोगे मानले नाही. संस्कृत अश्वशास्त्र भोवऱ्यांचे वर्गीकरण करते. घोड्याच्या पोटाखालून हात कसा न्यावा हे त्यात मला आढळले नाही. मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद यांची विद्या हाताकडून हाताकडे गेली आणि पागा मोडल्या तशी बहुतेक संपली. तिचा अवशेष उरला तो भाषेत. दुडकी, रहवाल, कदम, भरधाव या चालींची नावे. अगाडी-पिछाडी, तोबरा, चंदी ही पागेची सामग्री. आणि टीकाकार ज्याचा दिवसातून एकदा तरी उपयोग करतो तो 'खोगीरभरती' हा शब्द. 'मांड पक्की असणे' हा वाक्प्रचार तर व्यवसायोपचारक ज्याला बैठकीतील स्थिरता म्हणतात तिचेच मराठी नाव आहे. अनुवादकाने कोशात शोधण्यापूर्वी पागेत शोधावे.

अनुवादाचा प्रश्न निघालाच आहे म्हणून 'व्यवसायोपचार' या शब्दाविषयी. भारतात या विद्येचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. त्या जन्माने अमेरिकन. विवाहाने महाराष्ट्रातील निंबकर कुटुंबात आल्या. पुढे फलटणला स्थिरावलेले कृषितज्ज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या सूनबाई, हा संबंध मराठी वाचकाला आठवावा. १९५२ साली जागतिक व्यवसायोपचारक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता, याचे श्रेय मुख्यतः कमलाबाईंच्या उद्योगाला जाते. मराठीत या शास्त्राला जे नाव मिळाले त्याने मात्र घोटाळा केला. आज 'व्यवसाय' म्हणजे धंदा किंवा नोकरी. त्यामुळे रुग्णाला रोजगार मिळवून देणारे हे शास्त्र असावे असा समज होतो. मूळ कल्पना अशी की माणूस ज्या क्रियांत स्वतःला गुंतवितो, म्हणजे आंघोळ, स्वयंपाक, खेळ, लेखन, उपजीविका, त्यांच्याच द्वारे त्याला बरे करावे. संस्कृतातील 'व्यवसाय' हा शब्द निश्चय, प्रयत्न, उद्यम या अर्थाने वापरला जाई. गीतेत तो त्याच अर्थाने आला आहे. तो अर्थ जागा असता तर नाव अगदी योग्य होते. शब्द बरोबर निवडला गेला आणि भाषा त्याच्या पायाखालून सरकली, असे हे उदाहरण आहे.

तंजावरकडे परत येऊ. कावेरीचा हा भातशेतीचा मुलूख घोड्याचा नव्हेच. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस चोळमंडलाच्या किनाऱ्याविषयी लिहिले आहे की येथील राजे समुद्रापलीकडून प्रचंड किमतीला घोडे आणतात आणि निगा राखणारे जाणकार नसल्यामुळे त्यांतील बहुतेक मरतात. म्हणजे या भूमीत घोडा आधी धनाचे आणि मृत्यूचे रूप म्हणून आला. तो लोकांच्या कल्पनेत शिरला तो मातीचा होऊन : तमिळ खेड्यांच्या वेशीवर अय्यनार देवाचे भाजलेल्या मातीचे घोडे उभे असतात, आणि नवस फेडण्यासाठी, त्यांत आजारातून उठल्याचेही नवस आले, गावकरी नवे घोडे वाहतात. बरे होण्याचा आणि घोड्याचा संबंध तंजावर परिसरात शोधावयाचाच असेल तर दरबारापेक्षा येथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तोही उपचार नव्हे, कृतज्ञता आहे.

याहून मला मोलाचा वाटतो तो 'पोय्क्काल कुदिरै आट्टम' हा नृत्यप्रकार. नावाचा अर्थच खोट्या पायांच्या घोड्याचा नाच. नर्तक कमरेभोवती घोड्याचा पोकळ सांगाडा बांधतो, पायांना लाकडी पाय जोडतो, आणि त्या अस्थिर उंचीवर तोल सांभाळीत स्वार आणि घोडा या दोघांच्या चाली एकाच देहाने दाखवितो. हा नाच तंजावरशी निगडित आहे आणि मराठा राजवटीत तो येथे आला असे परंपरा मानते. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे शिगम्यात होणारी घोडेमोडणी याच्या शेजारी ठेवून पाहावी. तेथेही कमरेला घोडा बांधलेले स्वार वीरांच्या स्मृतीत नाचतात. घोडदळे गेली, घोडे गेले, आणि त्यांची चाल माणसांच्या कमरेत आणि गुडघ्यांत उरली. सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाट्यकृतीत जगाचा भूगोल गाण्या-नाचण्यातून शिकविला आहे. नवविद्याकलानिधिशालेसाठी इसापच्या प्राणिकथांचे मराठी रूपांतर 'बालबोधमुक्तावलि' १८०६ साली राजांच्याच छापखान्यात छापले गेले. देहाने आणि जनावराच्या निमित्ताने शिकावे, ही कल्पना त्या दरबाराला परकी नव्हती. पत्रककाराने उपचाराचा शोध सोडून शिक्षणाचा घेतला असता तर त्याच्या हाती काही लागले असते.

आणखी एक कथा या संदर्भात वारंवार आठवते, ती नलोपाख्यानातील बाहुकाची. कर्कोटकाच्या दंशाने नळाचा देह कुरूप, आखूड हातांचा झाला; राज्य आणि पत्नी आधीच गेली होती. उरले होते एवढेच की त्याला घोड्यांचे हृदय कळत होते. ऋतुपर्णाचा सारथी होऊन तो विदर्भाच्या वाटेला लागतो, आणि वाटेत अश्वहृदयाच्या बदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांची व संख्येची विद्या, शिकून घेतो. त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. कुंडिनपुरात रथाचा ध्वनी ऐकूनच दमयंतीला संशय येतो की हा नळ असावा. रूपावरून ओळख पटणे अशक्य झाले होते; ती पटली घोडे हाकण्याच्या रीतीवरून. व्यवसायोपचाराचा विद्यार्थी ज्याला व्यक्तीची ओळख तिच्या क्रियेत असणे म्हणतो, त्याचे याहून नेमके उदाहरण मला देता येणार नाही. ते दृष्टान्त म्हणून द्यावे. पुरावा म्हणून नव्हे.

भाचीच्या निबंधातून ते विधान काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी तंजावरविषयी आता तीनच वाक्ये आहेत : पंख छेदणाऱ्या वैद्याचे, रथाच्या ध्वनीचे आणि खोट्या पायांच्या घोड्याचे. मोतद्दारांचे काय, असे तिने विचारले. तंजावर राजवाड्याचे मोडी कागद हजारोंनी आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. पुष्कळ रुमाल मराठी वाचकाची वाट पाहत आहेत. घोड्यांच्या चंदीचा हिशोब, नालबंदाची नेमणूक, आजारी जनावराची नोंद असे काही सापडलेच तर ते त्यांतच सापडेल, संस्कृत पोथीत नव्हे. मग मोडी शिकावी लागेल का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. बाराखडीचा कित्ता मी तिला गेल्या आठवड्यात पाठविला आहे.